मल्टी-सिलेक्टची टिक निघत नाही, डबल होते, गायब होते: बग नक्की कुठं शोधायचा

फॉर्म नवीन भरताना मल्टी-सिलेक्ट, म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय टिक करता येणारा ड्रॉपडाऊन, मस्त चालतो, तीन तालुके टिक केले, सेव्ह झालं, आणि तोच फॉर्म एडिटला उघडला की खेळ सुरू. टिक दिसतीये पण काढता येत नाही, नाहीतर टिक दिसतच नाहीये आणि परत क्लिक केलं की तोच तालुका दोनदा चिकटतो, नाहीतर एक काढायला जावं तर सगळेच गायब. रिॲक्ट (वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) शिकून नुकतेच कामाला लागलेल्या पोरापोरींचा हा प्रश्न इतका येतो की एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या बेदाणा व्यापाऱ्याचा नोंदणी फॉर्म आहे असं धरा, त्यात एक प्रश्न, ‘कुठल्या कुठल्या तालुक्यातून माल घेता?’ आणि खाली आपल्या जिल्ह्याचे १० तालुके: मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, जत, खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलूस, वाळवा, शिराळा. आयडी याच क्रमाने १ ते १०. साताऱ्याकडच्यांनी आपले ११ घ्या, काय फरक पडत नाही. मी रिॲक्ट आणि मटेरियल यूआय (रिॲक्टसाठी तयार बटणं, ड्रॉपडाऊन वगैरे देणारी लायब्ररी) धरून लिहितोय कारण माझं रोजचं काम त्यात आहे, पण यातलं निम्म्याहून जास्त कुठल्याही लायब्ररीला लागू पडतं. कोडमधली नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत, एडिटरमध्ये पहिली चार अक्षरं टाकली की पुढचं तो सुचवतोच.

आणि सुरू करायच्या आधी एक. लायब्ररी बदलू नका. टिक निघत नाही म्हणून एक लायब्ररी काढून दुसरी बसवणारी मंडळी बघितलीत मी, दुसरीतही तोच बग निघतो, कारण बहुतेक वेळा घोळ ड्रॉपडाऊनमध्ये नसतोच, आपण त्याच्या हातात जी व्हॅल्यू देतो तिच्यात असतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांत आपण एकाच गोष्टीच्या मागं लागणारोय, ती व्हॅल्यू कुठं बिघडते.

पायरी १: बग एका वाक्यात लिहून काढा

‘ड्रॉपडाऊन चालत नाही’ एवढ्यावर कुणालाच काही कळत नाही, तुम्हालाही नाही. असं लिहा: ‘एडिट पानावर जत आधीपासून टिक केलेला दिसतो, त्यावर क्लिक केलं तर टिक जायला पाहिजे, पण जात नाही आणि वर चिपमध्ये जत दोनदा येतो.’ (चिप म्हणजे निवडलेल्या पर्यायाची छोटी पट्टी.) काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. हे लिहिताना आपोआप तीन-चार गोष्टी तपासल्या जातात, म्हणजे नवीन फॉर्ममध्ये होतं की फक्त एडिटमध्ये, माउसनी होतं की कीबोर्डनीही, सगळ्या पर्यायांना होतं की ठरावीक एकाला.

‘फक्त एडिटमध्ये’ असं उत्तर आलं की माझा संशय सरळ सर्व्हरवरून येणाऱ्या डेटावर जातो. का ते पायरी ५ मध्ये.

इथंच एक गंमत उरकून घेतो. लायब्ररी न वापरता ब्राउझरचा साधा सिलेक्ट टॅग आणि त्याला मल्टिपल लावलं असेल तर डेस्कटॉपवर दुसरा पर्याय निवडताना कंट्रोल की दाबून धरावी लागते, मॅकवर कमांड, नाहीतर पहिला निवडलेला सुटतो. क्लायंट फोन करून सांगतो ‘ओ, एकच तालुका सिलेक्ट होतोय’, आणि आपण अँड्रॉइड फोनवर बघितलं तर तिथं चेकबॉक्सची यादी उघडते, त्यामुळं सगळं नीट चालतं, आणि मग दोघं एकमेकाला खोटं ठरवत बसतात. हा बग नाही, ते असंच चालतं. पण व्यापाऱ्याला कंट्रोल की शिकवत बसण्यात अर्थ नाही, सरळ चेकबॉक्स द्या. १० तालुक्यांना तर खरं म्हणजे ड्रॉपडाऊनची गरजच नाही असं माझं मत आहे, १० चेकबॉक्स उघडे मांडले तर काय बिघडतं, पण डिझाइनवाले ऐकत नाहीत.

पायरी २: बग वेगळ्या पानावर एकटा उभा करा

प्रोजेक्टमध्ये एक रिकामं पान काढा. त्यात फक्त तो ड्रॉपडाऊन, तीनच पर्याय, मिरज, जत, पलूस, हातानं लिहिलेले. एपीआय (सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण) नाही, फॉर्मची लायब्ररी नाही, रीडक्स नाही, तुमचं सीएसएस नाही. एक स्टेट (पान लक्षात ठेवतं ती व्हॅल्यू), एक ऑनचेंज (निवड बदलली की चालणारं फंक्शन), बास.

आता इथं बग आला का? आला तर तो या वीस-पंचवीस ओळींतच आहे, शोधायला सोपा. नाही आला तर काढून ठेवलेल्या गोष्टी एकेक करून परत आणा, आधी खरा एपीआय डेटा, मग फॉर्म लायब्ररी, मग बाकीचं, आणि ज्या क्षणी बग उगवतो तिथं थांबा. आळस येतो याचा, मला माहितीये, सगळ्यांना वाटतं की मूळ कोडकडंच टक लावून बघितलं की सापडेल. सापडतो कधीकधी, पण तोवर संध्याकाळ होते.

हे पान टाकू नका, शेवटच्या पायरीत लागणारे.

पायरी ३: व्हॅल्यूच्या प्रवासात लॉग टाका

मल्टी-सिलेक्टच्या व्हॅल्यूचा प्रवास असा: क्लिक झाल्यावर ऑनचेंजला काहीतरी मिळतं, ते आपण स्टेटमध्ये ठेवतो, स्टेटमधून ते परत ड्रॉपडाऊनला व्हॅल्यू म्हणून जातं, सेव्हला ते सर्व्हरकडं जातं, आणि एडिटला सर्व्हरकडून परत येतं. प्रत्येक ठिकाणी कन्सोल लॉग (व्हॅल्यू ब्राउझरच्या कन्सोलमध्ये छापणारी ओळ) टाका.

लॉग टाकताना दोन खड्डे आहेत. एक, क्रोमच्या कन्सोलमध्ये ॲरे (व्हॅल्यूंची यादी) किंवा ऑब्जेक्ट उलगडून बघितला की तो उलगडतानाचा दिसतो, लॉग केला तेव्हाचा नाही, म्हणजे मधल्या काळात कुणी त्यात बदल केला असेल तर तुम्हाला बदललेला दिसतो आणि डोकं चक्रावतं. म्हणून जेसन स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे त्याचा साधा मजकूर करून, लॉग करा. त्याचा दुसरा फायदा असा की स्ट्रिंगभोवती अवतरणचिन्ह दिसतं आणि नंबरभोवती नाही, आणि पुढं सगळं त्याच्यावरच अडणारे. दुसरा खड्डा, स्टेट सेट करून लगेच खालच्या ओळीत तीच स्टेट लॉग केली तर जुनीच दिसणार. रिॲक्टमध्ये नवीन व्हॅल्यू पुढच्या रेंडरला (स्क्रीन परत काढताना) मिळते. तो लॉग ऑनचेंजच्या फंक्शनबाहेर, कंपोनंटच्या रिटर्नच्या वर टाका.

पायरी ४: ॲरे आहे का ते बघा

मल्टिपल लावलं की मटेरियल यूआयच्या सिलेक्टला व्हॅल्यू म्हणून ॲरेच लागतो, दुसरं काही दिलं तर एरर टाकतो. सर्व्हरवरून नल आलं, किंवा डेटा यायच्या आधी अनडिफाइंड होतं, किंवा कुणीतरी सुरुवातीची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग ठेवलेली, सगळ्याचा शेवट एकच. सुरुवातीची व्हॅल्यू रिकामा ॲरे ठेवा आणि नल येत असेल तर आत घेतानाच त्याचा रिकामा ॲरे करा.

साध्या सिलेक्ट टॅगमध्ये उलटं होतं. तिथं इव्हेंट टार्गेटची व्हॅल्यू वाचली तर निवडलेल्यांतला फक्त पहिला मिळतो, एरर वगैरे काही येत नाही, गुपचूप बाकीचे पडतात. तिथं सिलेक्टेड ऑप्शन्स नावाची प्रॉपर्टी घ्यायची, तिचा ॲरे करायचा आणि प्रत्येकाची व्हॅल्यू काढायची.

अजून एक, मटेरियल यूआयच्या डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणात ऑनचेंजच्या आत एक विचित्र ओळ दिसते, व्हॅल्यू स्ट्रिंग असेल तर कॉमावर तोडा, नाहीतर आहे तशी ठेवा. बरेच जण ती कॉपी करतात, काही जण ‘हे काय फालतू’ म्हणून काढतात. ती फालतू नाही, ब्राउझरनं ऑटोफिल केलं तर ॲरेऐवजी स्ट्रिंग येते, त्यासाठी आहे. फक्त एवढं बघा की तुमच्या व्हॅल्यूमध्ये कॉमा नको. कुणी ‘वाळवा, इस्लामपूर’ अशी व्हॅल्यू ठेवली की त्याचे दोन तालुके झालेच म्हणून समजा.

पायरी ५: नंबर का स्ट्रिंग

इथं जरा थांबू, कारण ‘टिक निघत नाही’वाल्या बगांतले सगळ्यात जास्त मला इथंच सापडलेत.

पर्यायांच्या यादीत जतचा आयडी नंबर आहे, ४. पण निवडलेल्यांचा ॲरे युआरएलमधून आलाय, किंवा लोकल स्टोरेजमध्ये कॉमानं जोडून ठेवला होता तिथून आलाय, किंवा बॅकएंडनं स्ट्रिंग करून पाठवलाय, त्यामुळं त्यात ‘४’ आहे, अवतरणचिन्हातला. युआरएलमधून जे येतं ते कायम स्ट्रिंगच असतं, डॉमच्या इनपुटमधून जे येतं तेही.

आता लायब्ररीच्या आत काय होऊ शकतं बघा. कुठला पर्याय टिक दाखवायचा हे ठरवताना काही ठिकाणी दोन्हीकडच्या व्हॅल्यू स्ट्रिंग करून तुलना करतात, म्हणजे ढिली तुलना. ‘४’ आणि ४ जुळतात, टिक दिसते. क्लिक केल्यावर मात्र तो पर्याय ॲरेमध्ये आहे का हे इंडेक्स ऑफनं शोधतात, आणि ती तुलना कडक असते. नंबर ४ शोधला, ॲरेत आहे स्ट्रिंग ‘४’, सापडला नाही. सापडला नाही म्हणजे नवीन निवडलाय असं समजून ढकलला आत. ॲरे झाला ‘४’, ४. टिक आहे तशीच, वर चिप मात्र दोन. परत क्लिक केलं, आता नंबर ४ सापडला, काढला, उरला ‘४’, टिक आहे तशीच. बसा क्लिक करत दिवसभर, टिक हलत नाही.

कन्सोलमध्ये हे बघायचं असेल तर जतवर एकदा क्लिक करा आणि स्ट्रिंगिफाय केलेला ॲरे वाचा. एकाला अवतरणचिन्ह, एकाला नाही, बग सापडला.

दुरुस्ती एकाच ठिकाणी करायची, जिथं डेटा बाहेरून आत येतो तिथं. ड्रॉपडाऊनमध्ये नाही, ऑनचेंजमध्ये नाही, सेव्ह करताना नाही. एपीआयचं उत्तर आलं की लगेच सगळे आयडी एका प्रकारचे करा आणि मग आतमध्ये कुठंच परत बदलू नका. नंबर करायचे का स्ट्रिंग? मी स्ट्रिंग करतो, कारण आयडी बेरीज करायला लागत नाहीत, पुढं कुणी शून्यानं सुरू होणारे कोड आणले तरी शून्य उडत नाही, आणि रिकाम्या स्ट्रिंगचा नंबर केला तर ० होतो तो त्रासही वाचतो. तुमच्या टीमनी नंबर ठरवले असतील तर नंबर, पण पर्यायांची यादी आणि निवडलेले दोन्ही एकाच प्रकारचे.

आणि नंबर करताना मॅपला सरळ पार्स इंट देऊ नका! मॅप दुसरा आर्ग्युमेंट म्हणून इंडेक्स पाठवतो, पार्स इंट त्याला संख्येचा पाया समजतो, आणि ‘१’, ‘२’, ‘३’ दिले तर १ मिळतो आणि पुढचे दोन नॅन, म्हणजे ‘हा नंबरच नाही’. मॅपला नंबर हे फंक्शन द्या, ते एकच आर्ग्युमेंट घेतं.

टाइपस्क्रिप्ट असेल तर हे आधीच कळायला पाहिजे ना? कळतं, पण एपीआयच्या उत्तराला ‘हे अमुक टाइपचं आहे’ असं तुम्हीच लिहिलेलं असतं, खरं काय येतंय ते चालताना कुणी तपासत नाही. त्यामुळं टाइप नंबर लिहिलाय म्हणून नंबरच येतोय असं धरू नका, लॉग बघा.

पायरी ६: ऑब्जेक्ट असतील तर

काही जण व्हॅल्यूमध्ये आयडी न ठेवता अख्खा ऑब्जेक्ट ठेवतात, आयडी ४, नाव जत, असा. नवीन फॉर्ममध्ये चालतं. एडिटमध्ये टिकच दिसत नाही, आणि क्लिक केलं की जत दोनदा.

जावास्क्रिप्टमध्ये दोन ऑब्जेक्टची तुलना आतला मजकूर बघून होत नाही. एकाच बागेतला एकाच प्रतीचा बेदाणा दोन बॉक्समध्ये भरला तर माल सारखा, पण बॉक्स दोनच, तसं. पर्यायांची यादी एका एपीआयनं दिली, निवडलेले दुसऱ्या एपीआयनं, दोन्हीकडं जत आहे पण ते दोन वेगळे ऑब्जेक्ट. मटेरियल यूआयच्या सिलेक्टनं हे स्पष्ट लिहून ठेवलंय की व्हॅल्यू ऑब्जेक्ट असेल तर ती तीच पाहिजे, सारखी दिसणारी चालणार नाही.

दोन मार्ग. माझ्या आवडीचा, स्टेटमध्ये फक्त आयडी ठेवा आणि नाव दाखवायचं असेल तेव्हा यादीतून शोधा. दुसरा, लायब्ररीला तुलना कशी करायची ते सांगा. मटेरियल यूआयच्या ऑटोकम्प्लिटमध्ये त्यासाठी ‘इज ऑप्शन इक्वल टू व्हॅल्यू’ नावाचा प्रॉप (कंपोनंटला द्यायची सेटिंग) आहे, आवृत्ती ४ मध्ये त्याचं नाव ‘गेट ऑप्शन सिलेक्टेड’ होतं, त्यामुळं जुनं उत्तर कुठूनतरी उचलून चिकटवलं तर चालत नाही आणि का ते कळतही नाही. अँग्युलरवाल्यांना ‘कम्पेअर विथ’.

पण तुलना आयडीवर करा. नावावर नको. आपल्याकडं तर बिलकूलच नको. कवठेमहांकाळ कुणी एक शब्द लिहितं कुणी दोन, कराडचं कऱ्हाड होतं, जावळीचं जावली होतं, आणि २०२५ मध्ये सरकारनं इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचं जाहीर केलं तेव्हा ज्यांनी डेटाबेसमध्ये नावं साठवलेली त्यांना जुन्या नोंदी शोधायला बसायला लागणार हे उघड होतं. ज्यांच्याकडं आयडी होता त्यांनी एका ओळीत लेबल बदलायचं आणि चहा प्यायचा.

त्यात देवनागरीचा अजून एक चकवा. ‘कऱ्हाड’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक सबंध अक्षर म्हणून, एक र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. स्क्रीनवर डिट्टो सारखे, तुलनेत वेगळे. ड्रॉपडाऊनमध्ये शोधायची सोय दिली असेल तर टाइप केलेला शब्द आणि लेबल दोन्ही नॉर्मलाइझ या स्ट्रिंगच्या फंक्शनमधून एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं रूप) देऊन काढा, दोन्ही ऱ एक होतात. कराड आणि कऱ्हाड मात्र त्यानं एक होत नाहीत, ते शोधात दोन्ही सापडायला पाहिजेत तर पर्यायी नावांची यादी तुम्हालाच ठेवायला लागेल.

पायरी ७: जुनाच ॲरे परत देताय का

स्टेटमधल्या ॲरेवर पुश केलं आणि तोच ॲरे परत सेट केला तर रिॲक्ट म्हणतो काही बदललंच नाही, कारण तो ॲरे तोच आहे का एवढंच बघतो. मग स्क्रीन हलत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या तरी कारणानं रेंडर झालं की अचानक टिक उगवते. ‘कधी चालतं कधी नाही’ अशी तक्रार असेल तर आधी पुश आणि स्प्लाइस शोधा. घालताना स्प्रेड करून नवीन ॲरे, काढताना फिल्टर. व्ह्यूमधून आलेल्यांना हे खटकतं, तिथं पुश केलेलं लायब्ररीला कळतं, इथं नाही कळत.

‘सगळे निवडा’ बटणाची एक वेगळी तऱ्हा. लूप लावून प्रत्येक तालुक्याला ‘जुना ॲरे अधिक हा एक’ असं सेट केलं तर शेवटी फक्त शिराळा टिक होतो, कारण लूपमधल्या प्रत्येक फेरीला जुना ॲरे तोच, रिकामा, दिसतोय. एकदाच अख्खी यादी सेट करा, लूपची गरजच नाही. जिथं खरंच जुन्यावरून नवीन काढायचंय तिथं सेट करताना फंक्शन द्या, त्याला ताजी स्टेट मिळते.

पायरी ८: यादी बंद होते, वर उडी मारते

व्हॅल्यू बरोबर आहे पण प्रत्येक टिकला यादी बंद होतीये, तर बऱ्याचदा तो नुसता एक प्रॉप असतो. मटेरियल यूआयच्या ऑटोकम्प्लिटला ‘डिसेबल क्लोज ऑन सिलेक्ट’ द्या, सिलेक्ट-टूमध्ये (जेक्वेरीवर चालणारी जुनी ड्रॉपडाऊन लायब्ररी) ‘क्लोज ऑन सिलेक्ट’ला फॉल्स. सिलेक्ट-टू अजून लई ठिकाणी आहे, जुनी कामं सांभाळताना भेटणारच, तर तेवढंच सांगून ठेवतो की त्यात कोडमधून व्हॅल्यू बदलली तर चेंज इव्हेंट स्वतः ट्रिगर करावा लागतो, नाहीतर आत बदलतं आणि वर दिसत नाही, आणि बूटस्ट्रॅपच्या मोडलमध्ये त्याच्या सर्चमध्ये टाइप होत नसेल तर ड्रॉपडाऊन पेरेंट म्हणून तो मोडल द्यायचा.

यादी खाली सरकवून शिराळ्यावर टिक केली की परत वर मिरजेवर येते? तुम्ही एका कंपोनंटच्या आत दुसरा कंपोनंट लिहिलाय का बघा. प्रत्येक रेंडरला तो नवीन कंपोनंट ठरतो, जुनी यादी मोडून नवी बांधली जाते, स्क्रोल शून्यावर. तो बाहेर काढा, झालं.

स्वतः बनवलेल्या ड्रॉपडाऊनमध्ये, आणि काही छोट्या लायब्ऱ्यांतही, एक जरा हुशार बग असतो: चिपवरची फुली दाबून जत काढला की अख्खी यादी बंद होते. बाहेर क्लिक झालं की बंद करायचं म्हणून डॉक्युमेंटवर लिसनर लावलेला असतो, तो विचारतो की क्लिक झालेली गोष्ट ड्रॉपडाऊनच्या आत आहे का. पण तोपर्यंत रिॲक्टनं ती चिप पानावरून काढून टाकलेली असू शकते, मग ती कशाच्याच आत नाही, म्हणजे बाहेर, म्हणजे बंद. इथं कंटेन्सऐवजी इव्हेंटचा ‘कम्पोज्ड पाथ’ बघायचा, तो क्लिक झाला त्या क्षणीचा असतो, चिप गेली तरी पाथमध्ये ड्रॉपडाऊन सापडतो.

पायरी ९: सर्व्हरकडं जाताना काय पडतं

ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पेलोड उघडा आणि डोळ्यांनी वाचा, अंदाज नको.

साधा फॉर्म पाठवला तर एकच नाव तीनदा जातं, तालुका बरोबर १, तालुका बरोबर ४, तालुका बरोबर ८. पीएचपीमध्ये नावाच्या शेवटी चौकोनी कंस नसेल तर शेवटचाच हातात राहतो. जँगोमध्ये गेट वापरलं तरी शेवटचाच, तिथं गेटलिस्ट पाहिजे. एक्सप्रेसमध्ये अजून मजा, दोन निवडले तर ॲरे येतो आणि एकच निवडला तर स्ट्रिंग, म्हणून टेस्टिंगला दोन-तीन निवडून बघणाऱ्याला बग दिसतच नाही आणि ज्या व्यापाऱ्याचा फक्त तासगावचा माल आहे त्याचा फॉर्म फुटतो. आणि फॉर्म डेटामध्ये अख्खा ॲरे एकदम अपेंड केला तर त्याची कॉमा लावलेली एक स्ट्रिंग होते, लूप लावून एकेक घाला. शक्य असेल तर जेसन पाठवा, यातलं बरंच आपोआप मिटतं.

सगळ्या टिक काढून सेव्ह केलं, परत उघडलं, तर जुने सगळे हजर? काहीच निवडलेलं नसलं की साध्या फॉर्ममध्ये ते नावच जात नाही, आणि बॅकएंडला वाटतं या फील्डला हात लावलेला नाही. एक लपवलेलं रिकामं इनपुट त्याच नावानं ठेवायचं आणि बॅकएंडवर ती रिकामी व्हॅल्यू गाळायची, नाहीतर जेसनमध्ये रिकामा ॲरे स्पष्ट पाठवायचा. सिलेक्ट डिसेबल केलेला असेल तरीही त्याची व्हॅल्यू जात नाही, तेही बघून घ्या.

पायरी १०: खरंच लायब्ररीचा निघाला तर

इथवर सगळं तपासलं आणि पायरी २ मधल्या पानावर स्वच्छ डेटा देऊनही बग येतोय, तर आता लायब्ररीकडं बोट दाखवायला हरकत नाही.

आधी तुमची आवृत्ती बघा आणि त्याच पानावर सगळ्यात नवीन आवृत्ती टाकून बघा, कदाचित दुरुस्त झालेला असेल. मग गिटहबवर इश्यू शोधा, बंद झालेलेही, बरेचदा उत्तर बंद झालेल्यात असतं. सापडला नाही तर नवीन लिहा, पायरी १ चं वाक्य आणि पायरी २ चं पान हीच तुमची तक्रार, इंग्रजी साधं असलं तरी चालतं, चालतं पान दिलंय म्हटल्यावर भाषेकडं कोण बघत नाही.

स्वतः दुरुस्त करायची हिंमत असेल तर जरूर करा, मल्टी-सिलेक्ट हा पहिल्या पुल रिक्वेस्टला (आपला बदल त्यांच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) चांगला विषय आहे. रेपो क्लोन करा, आधी फेल होणारी टेस्ट लिहा: निवडलेले ‘४’, पर्याय नंबर ४, क्लिक करा, ॲरे रिकामा यायला पाहिजे. ती लाल झालेली बघा. मग कोडमध्ये टिक दाखवायची तुलना आणि काढायची तुलना शोधा आणि दोन्हीकडं एकच फंक्शन वापरा. टेस्ट हिरवी, बाकीच्या टेस्टही हिरव्या, मग पाठवा. बदल छोटा ठेवा, वाटेत दिसलेलं फॉरमॅटिंग सुधारायला जाऊ नका. सांभाळणारे म्हणू शकतात की नंबर आणि स्ट्रिंग मिसळणं हीच वापरणाऱ्याची चूक, आम्ही उलट दोन्हीकडं कडक तुलना करू, आणि खरं सांगू तर तेही बरोबर आहे, त्यात टिक निदान आधीच दिसणार नाही आणि माणूस लगेच डेटा बघेल. भांडू नका, त्यांच्या बाजूनी दुरुस्ती करून द्या.

टेस्ट लिहिताना मटेरियल यूआयचा सिलेक्ट नुसत्या क्लिक इव्हेंटनं उघडत नाही, तो माउसडाऊनला उघडतो. युझर इव्हेंट वापरलं तर ते खऱ्या माणसासारखं माउसडाऊन, माउसअप, क्लिक सगळं करतं, मग उघडतो.

दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंत तुमचं काम थांबायला नको, पण नोड मॉड्यूल्समध्ये घुसून हातानं बदल करून ठेवू नका, पुढच्या इन्स्टॉलला पुसला जातो आणि दुसऱ्याच्या मशीनवर तो नसतोच. पॅच-पॅकेज वापरा, तुमचा बदल फाइल होऊन रेपोमध्ये राहतो आणि पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्टला जोडला की इन्स्टॉलनंतर आपोआप लागतो. आवृत्तीही पक्की करून ठेवा.

देण्याआधी एवढं करून बघा. एकही नाही, एकच, सगळे, या तिन्हीला सेव्ह करून परत उघडा. एडिट उघडा, काहीही न बदलता सेव्ह करा, परत उघडा, यादी तशीच पाहिजे, इथं डबल झालेले लगेच सापडतात. माउस बाजूला ठेवा आणि टॅब, बाण, स्पेस, एस्केप एवढ्यावर चालतं का बघा. एलिमेंट्स टॅबमध्ये यादीला एरिया मल्टिसिलेक्टेबल ट्रू आणि निवडलेल्या पर्यायाला एरिया सिलेक्टेड ट्रू दिसतंय का बघा, आंधळ्या माणसाच्या स्क्रीन रीडरला टिक यातूनच कळते. एक साधा अँड्रॉइड फोन घेऊन त्यावरही, कारण व्यापारी फॉर्म गाळ्यावर बसून फोनवरूनच भरणार. आणि ते टाकलेले कन्सोल लॉग काढून मगच पुश करा.